स्टार ट्रेक : सुरुवात कुठून करावी

स्टार ट्रेक हा अंतराळप्रवासावरील दूरचित्रवाणी मालिकांचा समूह पाहायला घेताना कथेतल्या कालक्रमाने जाण्याचा मोह नवख्या प्रेक्षकाला हमखास होतो. तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या हिशेबाने बाविसाव्या शतकात घडणारी ‘एंटरप्राइज’ आधी येते, परंतु ती २००१ साली, जुन्या मालिकांची ओळख असलेल्या प्रेक्षकांसमोर आली, त्यामुळे तिच्यातल्या कित्येक खुणा तुम्हाला उमगणारच नाहीत.

१९६६ ची मूळ मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहण्याचा आग्रहही मी धरणार नाही. तिचे निवडक दहा-बारा भाग पुरेत. खरी सुरुवात ‘द नेक्स्ट जनरेशन’पासून करावी. तिचा पहिला हंगाम (खरे सांगायचे तर) बराच रटाळ आहे, तेव्हा दुसऱ्या हंगामातला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग आधी पाहावा. डेटा हा यंत्रमानव कोणाच्या मालकीची वस्तू आहे की स्वतंत्र व्यक्ती, यावर त्यात सुनावणी होते, आणि तो भाग तुम्हाला भिडला नाही, तर पुढे फार वेळ घालवू नये.

‘डीप स्पेस नाइन’ मात्र घाईने उघडू नये. तिच्या पहिल्याच भागात तिचा नायक सिस्को ‘द नेक्स्ट जनरेशन’मधल्या कॅप्टन पिकार्डशी इतक्या तुटकपणे का बोलतो, हे पिकार्डच्याच मालिकेतला ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ हा जोडभाग पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. ‘डीप स्पेस नाइन’चा उत्तरार्ध सलग कथानकाचा असल्याने तिथे भाग गाळण्याची सवलत नाही. ‘व्हॉयेजर’ या मालिकेत ती बऱ्यापैकी आहे.