क्ष + १/क्ष = ३ असेल तर क्ष⁵ + १/क्ष⁵ किती? वर्ग आणि घन जमतात, पुढे अडतं. प्रत्येक घाताचं सूत्र वेगळं पाठ करावं लागतं का? आणि मध्ये वजा असेल तर?

उत्तर १२३. पाठ काहीच करावं लागत नाही, आणि क्ष ची किंमतही काढू नका. ती (३ ± √५)/२ अशी येते आणि तिचा पाचवा घात करताना पानभर वर्गमुळं सांभाळत बसावं लागतं.

तुम्ही म्हणता की वर्ग आणि घन जमतात, पुढे घोडं अडतं. मग त्या दोघांपासूनच सुरुवात करू. क्ष + १/क्ष चा वर्ग केला की मधलं पद येतं २ × क्ष × १/क्ष. यातला क्ष उडतो, नुसते २ उरतात. या प्रकारच्या सगळ्या गणितांचा जीव एवढाच आहे. म्हणून वर्गांची बेरीज ९ − २ = ७. घनाच्या विस्तारातही तसंच होतं. मधली दोन पदं मिळून ३(क्ष + १/क्ष) होतात, म्हणजे ९, आणि घनांची बेरीज २७ − ९ = १८.

आता हे दोन निकाल एकमेकांशी गुणा:

(क्ष² + १/क्ष²)(क्ष³ + १/क्ष³) = (क्ष⁵ + १/क्ष⁵) + (क्ष + १/क्ष)

७ × १८ = १२६, त्यातून ३ गेले, १२३. गुणाकारात घातांकांची बेरीजही येते आणि फरकही येतो. ५ हवे होते म्हणून २ आणि ३ घेतले, फरक १ आला आणि पहिल्या घाताची बेरीज तर प्रश्नातच दिलेली आहे. सातवा घात हवा असेल तर ३ आणि ४ घ्या. दहावा हवा असेल तर पाचव्याचा वर्ग करून २ वजा करा: १५१२९ − २ = १५१२७.

ओळीने सगळेच घात हवे असतील तर याहून सोपं आहे. शून्याव्या घाताची बेरीज १ + १ = २, पहिल्याची ३. यापुढे प्रत्येक वेळी शेवटच्या संख्येला ३ ने गुणायचं आणि तिच्या आधीची वजा करायची: २, ३, ७, १८, ४७, १२३, ३२२, ८४३. बेरीज ३ ऐवजी ५ दिली असेल तर ५ ने गुणायचं, बाकी रीत तीच. (लुकास संख्या माहीत असतील तर २, १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ यातल्या एकाआड एक संख्या इथे ओळखू येतील. कारण आपला मोठा क्ष म्हणजे सुवर्ण गुणोत्तराचा, म्हणजे (१ + √५)/२ चा, वर्ग आहे.)

स्पर्धा परीक्षांत हाच प्रश्न वेषांतर करून येतो. क्ष² − ३क्ष + १ = ० दिलं असेल तर सगळीकडे क्ष ने भागा, क्ष + १/क्ष = ३ मिळतं. क्ष शून्य असता तर डावीकडे १ उरला असता, तेव्हा भागायला हरकत नाही. क्ष = २ + √३ दिला तर १/क्ष = २ − √३, बेरीज ४. बेरीज १ दिली आणि शंभरावा घात विचारला तर घाबरू नका: २, १, −१, −२, −१, १ या सहा संख्याच फिरून फिरून येतात. १०० ला ६ ने भागून बाकी ४, म्हणून उत्तर −१. उत्तर ऋण का, असा प्रश्न पडला तर लक्षात घ्या की बेरीज −२ आणि २ यांच्या मध्ये असली की क्ष वास्तव संख्या नसतेच.

ती ४ वाली बेरीज मला विशेष आवडते. तिचे नुसते वर्ग करून २ वजा करत गेलात तर ४, १४, १९४, ३७६३४ अशी साखळी मिळते, आणि मर्सेन संख्या (२ च्या घातातून १ वजा करून येणारी) मूळ आहे का हे ठरवणाऱ्या लुकास-लेमर कसोटीत नेमकी हीच साखळी वापरतात. २⁵ − १ म्हणजे ३१ साठी चौथी संख्या बघायची. ३७६३४ = ३१ × १२१४, निःशेष भाग गेला, म्हणून ३१ मूळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, चार कोटींहून जास्त अंकांच्या मूळ संख्येची खात्रीही याच कसोटीने केली होती.

आता वजाचं. क्ष − १/क्ष = ३ असेल तर मधलं पद −२ येतं, म्हणून वर्गांची बेरीज ९ + २ = ११. बेरीजच बरं का, वजाबाकी नव्हे. सर्वात जास्त मुलं इथे चुकतात. घनांचा फरक २७ + ९ = ३६. या दोघांचा गुणाकार ३९६, त्यात पाचव्या घातांच्या फरकासोबत क्ष − १/क्ष सुद्धा आहे, तो काढला की ३९३. पडताळायचं असेल तर कॅल्क्युलेटरवर ३.३०२८ चा पाचवा घात करा, ३९३ च्या अगदी जवळ येईल, कारण १/क्ष⁵ इथे नगण्य आहे.