बाटलीतले बुडबुडे

प्रश्न: सुनेची प्रसूती 30 आठवड्यांतच झाली. बाळाला व्हेंटिलेटर नाही, नुसत्या नाकात नळ्या आणि बाटलीत बुडबुडे. एवढ्यावर भागेल?
– एक आजी, परळ

उत्तर: आजी, पुष्कळदा भागतं. हा बबल सीपॅप, म्हणजे नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देण्याची पद्धत. नळीचं टोक पाण्यात 5 सेंटिमीटर बुडवलं की साधारण तेवढाच दाब फुप्फुसांत टिकतो. श्वास सोडताना हवेच्या पिशव्या मिटत नाहीत. बुडबुडे थांबले की आधी गळती शोधतात: तोंड उघडं राहिलंय, नाहीतर नाकातली नळी सैल झालीय. फार घट्टही नको, नाकाचा पडदा सोलवटतो. ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या वर लागू लागला तर सर्फॅक्टंट, म्हणजे हवेच्या पिशव्या मिटू न देणारं औषध. तेही आता सीपॅप चालू ठेवून, बारीक नळीने श्वासनलिकेत सोडता येतं. श्वास वारंवार थांबू लागला, तर मात्र व्हेंटिलेटरला नाही म्हणू नका.