डिकीतलं वॅक्स वितळलं, आता काय?

प्रश्न : मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेलं पेस्ट वॅक्स (गाडीच्या रंगावर चमकेसाठी लावायचं घट्ट मेण) वितळलं. टाकून द्यावं का? पावसाळ्यात ते लावलं तर चालेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : टाकू नका. झाकण घट्ट लावून डबा सावलीत, सपाट जागी रात्रभर ठेवा, हलवू नका. पुन्हा मऊ, एकसारखं घट्ट झालं तर वापरा. कडा सुटून भेगा पडल्या असतील, तर वॅक्स मऊ ठेवणारा आतला द्रावक उडालाय. असं वॅक्स पसरत नाही, ढेकळं होतात. त्यात रॉकेल ओतण्याचा उद्योग नको. यापुढे डबा घरातल्या कपाटात ठेवा. पातळ वॅक्सची बाटली वापरण्याआधी नीट हलवा.

वॅक्स खरं तर पहिल्या पावसाआधीच लावावं. पावसाळ्यात लावायचं तर उघडीप पाहून, छपराखाली, गाडीचा पत्रा थंड असताना. आरसे आणि नंबरप्लेटमागचं पाणी आधी टिपा, नाहीतर ओघळ येऊन डाग उठतात. एका वेळी एकच दार, थर अगदी पातळ. दमट हवेत वॅक्स सुकायला वेळ लागतो. बोट फिरवून पाहा : खाली स्वच्छ चमक दिसली तर मायक्रोफायबरने पुसा, चिकट रेघ उमटली तर थांबा.