डार्मश्टाटला पॉलिमर क्रोमॅटोग्राफीत पीएचडी, फक्त जीपीसी येते, पुरेल का?

भाऊ, तू विचारलं की नागपूरच्या एलआयटीतून एमटेक होऊन राहिलं, जर्मनीत डार्मश्टाटची पीएचडी मिळून राहिली, पण हातात फक्त जीपीसी (पॉलिमरच्या साखळ्या आकारावरून वेगळ्या करायची पद्धत) आहे, तर येण्याआधी काय शिकू. मी पण अमरावती रोडवरच्या एलआयटीतूनच इकडे आलो, सरळ सांगतो.

पैशाचं टेन्शन नको घेऊ. पीएचडीला बहुतेक नोकरीचाच करार असते, मास्टर्सवाल्यांसारखे व्हिसासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकवावे लागत नाहीत. फक्त पगार पूर्ण पगाराच्या ५० टक्के आहे का ६५ ते बघ, काम तर पूर्णच करावं लागते बाप्पा.

आता जीपीसी. वजन माहीत असलेल्या पॉलिस्टायरीन नमुन्यांचा (स्टँडर्डचा) कर्व्ह काढला, सॉफ्टवेअरने मोलर मास दिला, रिपोर्ट संपला, असं इथे चालत नाही. कॉलमला वजन कळतच नाही, सॉल्व्हंटमध्ये पॉलिमरची साखळी किती फुगली तेवढंच कळते, मोठी साखळी कॉलममधल्या दाण्यांच्या छिद्रांत शिरत नाही म्हणून आधी बाहेर येते. म्हणून तुझा पॉलिमर वेगळा असेल तर तो आकडा पॉलिस्टायरीनच्या हिशोबाने, बस. खरा मास पाहिजे तर लाइट स्कॅटरिंग डिटेक्टर लागते.

अन् कोपॉलिमरमध्ये (एका साखळीत दोन प्रकारचे घटक) तर साइज सारखा पण कॉम्पोझिशन वेगळं असलं की दोन्ही साखळ्या आलेखातल्या एकाच शिखरात लपतात. म्हणून क्रिटिकल कंडिशन नक्की वाचून ये. छिद्रातून बाहेर ढकलणं अन् कॉलमला चिकटणं हे दोन्ही बरोबर कटलं की एका पॉलिमरच्या लहान-मोठ्या सगळ्या साखळ्या एकाच वेळी बाहेर येतात, मग जो फरक दिसते तो साखळीच्या टोकाचा (एंड ग्रुपचा) किंवा तिला जोडलेल्या दुसऱ्या पॉलिमरच्या तुकड्याचा (ब्लॉकचा). सी१८ प्रकारच्या कॉलमवर पॉलिस्टायरीनसाठी टीएचएफ अन् अ‍ॅसिटोनायट्राइल हे दोन सॉल्व्हंट जवळपास अर्धे-अर्धे लागतात, पण टक्का-अर्धा टक्का हलला की पॉइंट गेला, म्हणून मिश्रण पंपावर न सोडता वजन करून बाटलीतच बनवतात अन् कॉलम ओव्हनमध्ये ठेवतात.

हाताची सवय आत्तापासूनच लाव. सॅम्पल सोनिकेटरमध्ये टाकून घाईत विरघळवू नको, साखळ्या तुटतात, आधी जेलीसारखं फुगू दे, रात्रभर राहिलं तरी चालते. टीएचएफला पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकची ट्यूबिंग नको, फुगते, स्टील लाव. जुन्या बाटलीत पेरॉक्साइड तपास.

गाईडला मेल करून विचार, मटेरियल कोणतं आहे. पॉलिइथिलीन असेल तर टीएचएफ विसर, ट्रायक्लोरोबेन्झीन सॉल्व्हंट अन् १५०-१६० डिग्री, आपला मे महिना त्याच्यापुढे थंडच. करार आला की पाठव, टक्का बघून सांगतो.