बहिणीला ओटीपोटातल्या इन्फेक्शननंतर उजव्या बरगडीखाली दुखतं. डॉक्टर म्हणतात फिट्झ-ह्यू-कर्टिस सिंड्रोम. ऑपरेशन करावंच लागतं का?

बहुतेकदा नाही. नाव भारदस्त असलं तरी आधी अँटिबायोटिक्सचा कोर्सच देतात आणि बऱ्याच जणींना तेवढा पुरतो.

क्लॅमिडिया किंवा गोनोरिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांचं इन्फेक्शन गर्भनलिकांमधून पोटात पसरतं आणि यकृताच्या आवरणाला सूज येते. कळ खोल श्वास घेतला की वाढते, त्यामुळे सगळ्यांचा पहिला संशय पित्ताशयावर! सोनोग्राफीत खडे मात्र सापडत नाहीत. या सुजेमुळे यकृत आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये चिकट पट्ट्या तयार होतात; कर्टिस यांनी १९३० मध्ये त्यांचं वर्णन केलं, फिट्झ-ह्यू यांनी १९३४ मध्ये गोनोरियाशी संबंध जोडला.

औषधांनंतरही दुखत राहिलं किंवा निदान पक्कं होत नसेल, तर लॅप्रोस्कोपी. बेंबीतून कॅमेरा घातला की यकृत आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये व्हायोलिनच्या तारांसारखे पांढुरके धागे ताणलेले दिसतात. सर्जन ते एकेक करून कापतात; ओढून तोडले तर यकृताचं आवरण फाटून रक्त येतं, म्हणून घाई नाही. त्याच वेळी गर्भनलिकाही बघून घेतात, पू असेल तर काढतात.

क्वचित अशा धाग्यात आतडं अडकतं. पोट फुगलं, उलट्या थांबेनात, गॅसही सरेना, तर थेट इमर्जन्सी गाठा.

आणि हो, जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार करून घ्या. नेमकं हेच राहून जातं आणि इन्फेक्शन परत येतं.