अमेरिकन अभिनेत्री फ्रान्सिस मॅकडॉरमंड यांचा पडद्यावरील वावर इतका वेगळा का वाटतो?
भूमिका प्रेक्षकांना आवडावी म्हणून त्या ती गोड करत नाहीत, हे माझ्या मते मुख्य कारण. 1984 च्या 'ब्लड सिंपल'पासून त्या चित्रपटांत असल्या, तरी त्यांची खरी ताकद 1996 च्या 'फार्गो'मध्ये दिसली. गरोदर पोलीसप्रमुख मार्ज बर्फातल्या पाऊलखुणांवरून खुनाचा माग काढताना एकदम ओणवी होते. सहकाऱ्याला वाटते, काही पुरावा सापडला असावा, पण ती असते सकाळची मळमळ, आणि ती ओसरताच पुन्हा भूक लागल्याचे सांगून मार्ज कामाला लागते. भीषण आणि हास्यास्पद यांचा सांधा त्या कुठेही दिसू देत नाहीत.

'फार्गो', 'थ्री बिलबोर्ड्स' आणि 'नोमॅडलँड' या तिन्हींसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. 'नोमॅडलँड'च्या त्या निर्मात्याही होत्या. मला मात्र त्यांचे सर्वांत सूक्ष्म काम दूरचित्रवाणीवर, 2014 च्या 'ऑलिव्ह किटरिज' या लघुमालिकेत आढळते. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या छोट्या गावातली ही फटकळ गणित शिक्षिका स्वतःच्या नवऱ्याला आणि मुलालाही टोचून बोलते, तरीही तिच्यावरून नजर हटत नाही. या भूमिकेने त्यांना एमी पुरस्कार मिळवून दिला.