सगळे फोटो एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवलेत, एवढं बास का?

नाही ओ, लॅपटॉपवरनं उडवून एकाच डिस्कवर ठेवले म्हणजे नुसती जागा बदलली, बॅकअप नाही झाला. माझंच सांगतो, इथं सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे ४ वर्षांचे फोटो एका डिस्कवर होते, ती टेबलावरनं पडली अन् टकटक आवाज यायला लागला, मी शहाणा, परत परत लावून बघत बसलो, तिथंच वाट लागली. तसला आवाज आला की लगेच काढायची, आतलं हेड (डेटा वाचणारा भाग) प्लॅटरला, म्हणजे डेटा असलेल्या चकतीला, घासलं की डेटा कायमचा जातो.

आता ३-२-१ पाळतो: ३ कॉप्या, २ वेगळ्या प्रकारच्या ड्राइव्हवर, १ घराबाहेर. माझी बाहेरची अक्कलकोटला ताईकडं असते, तिच्या साड्यांच्या कपाटात! क्लाऊड पण चालतं, पण नुसतं सिंक असेल तर इकडं डिलीट केलं की तिकडनं पण जातं. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा, लावलेली असली तर रॅन्समवेअर (फाइल्स अडकवून पैसे मागणारा व्हायरस) तिच्यावरच्या फाइल्स पण लॉक करू शकतो. एसएसडी (चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) मात्र वर्षानुवर्षं कपाटात टाकू नका, करंट नसला की आतला चार्ज हळूहळू उतरतो, अन् आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर जास्तच.